दमदार गाडी घेताय, घरी मोठा कुत्रा आहे? या चुका टाळा

"डिकी ५२१ लिटरची आहे सर, कुत्रा आरामात मावेल," शोरूममधला पोरगा म्हणाला आणि मी मान डोलावली. घरी आल्यावर बायकोनं एकच प्रश्न विचारला, "म्हणजे खंड्याला डिकीत कोंडणार तू?"

खंड्या आमचा लॅब्रेडॉर. वजन ३४ किलो, आणि स्वभावानं घरातला मोठा भाऊ. गाडी तर मला पळणारी हवी होती. दीडशे पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप) टर्बो इंजिन म्हटलं की स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस समोर येतात. दोन्ही चालवायला झकास, दोघींची डिकी ५२१ लिटर. पण सेडानची डिकी ही बंद पेटी असते. आत ना हवा, ना उजेड, ना एसी. तिचे लिटर बॅगांसाठी. कुत्र्याच्या वाट्याला मागची सीट तेवढी येते, म्हणून सेडान बघताना डिकी विसरा आणि मागचं दार किती उघडतं ते बघा.

लिटरच्या आकड्यावर भाळणं ही पहिली चूक, आणि ती फक्त सेडानपुरती नाही. डिकी मोजायच्या एका रूढ पद्धतीत २० बाय १० बाय ५ सेंटीमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे रचतात. जितके ठोकळे मावले तितके लिटर. कानाकोपऱ्यात, चाकाच्या उंचवट्याशेजारी, सगळीकडे ते बसतात. खंड्या विटांचा बनलेला नाही. त्याला सलग सपाट जागा लागते आणि डोकं वर करायला उंची लागते. टाटा कर्व्हची डिकी कागदावर ५०० लिटरची, पण कूपे पद्धतीचं छत मागे उतरत जातं, आणि कुत्रा जिथे उभा राहणार नेमकी तिथेच उंची कमी होते. महिंद्रा बीई ६ चं तेच. वेगाला तोड नाही, पण छताचा उतार बघून घ्या.

तेव्हा आधी टेप घ्या आणि कुत्रा मोजा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, उभा असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची, आणि कुशीवर आडवा झाल्यावर किती जागा व्यापतो ते. नर लॅब्रेडॉर खांद्याशी साधारण ५७ ते ६२ सेंटीमीटर भरतो, डोकं त्याच्याही वर. वजनावरून अंदाज बांधू नका. आपल्याकडचा कारवान हाउंड लॅबपेक्षा हलका असू शकतो, पण पाय इतके लांब की बुटक्या गाडीत त्याला मान वाकवूनच उभं राहावं लागतं.

मग टेस्ट ड्राइव्हला कुत्र्याशिवाय जायचं नाही. आधी फोन करून विचारा आणि एक जुनी चादर घेऊन जा. "फक्त बसवून बघतो" म्हटल्यावर आम्हाला दोन ठिकाणी होकार मिळाला, तिसऱ्या ठिकाणी हाकललं. त्या दोन ठिकाणी जे कळलं ते माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. एका गाडीत मागची सीट पाडल्यावर मधे पायरीसारखा उंचवटा राहत होता; खंड्यानं त्यावर पाय ठेवला आणि उलटा फिरून बाहेर आला. दुसरीत डिकीचा उंबरठा इतका वर होता की त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे उचल मला. ३४ किलो रोज कोण उचलणार? कुत्रा म्हातारा झाला की हा उंबरठा आणखी उंच होतो.

आता वेगाबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. आधीच्या गाडीला मी रुंद चाकं, पातळ टायर आणि कडक स्प्रिंग बसवले होते. एकटा असताना ताम्हिणी घाटात काय मजा यायची! खंड्याला घेऊन साताऱ्याला निघालो, तर खंबाटकीच्या घाटातच त्यानं सीटवर ओकारी काढली. दोष गाडीचा नव्हता. धरायला माझ्या हातात स्टीअरिंग होतं, त्याच्याकडे गुळगुळीत रेक्झिनवर चार पंजे. प्रत्येक वळणाला तो एका दारावरून दुसऱ्या दारावर. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा कुत्र्याबरोबर कधीच कामी येत नाही. कामी येतं ते खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच, मिळणारं टॉर्क (ओढायची ताकद), खड्डा गिळणारं सस्पेन्शन आणि ट्रॅफिकमध्ये हिसके न देणारा गिअरबॉक्स. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर नको, संध्याकाळी सहाला गर्दीत मागा.

ओकारीवर उपाय सोपा आहे. निघण्याआधी तीन-चार तास खायला द्यायचं नाही, सीटवर झोळीसारखं जाड कापडी कव्हर ताणायचं, आणि पहिले काही दिवस फक्त दहा मिनिटांची फेरी.

सुटा कुत्रा मात्र चालणार नाही. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी आदळून जागीच थांबली, तर आतला कुत्रा तिसऱ्या मजल्यावरून पडल्याच्या वेगानं पुढे येतो, थेट तुमच्या मानेवर. हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधायचा पट्टा, छातीचा हवा. गळपट्ट्याला सीटबेल्ट बांधला तर झटका मानेला बसतो. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथे बसवू नका.

एसी मागे पोहोचतो का, हे हातानं तपासा. मागच्या सीटला झरोके असले तरी डिकीत हवा जाईलच असं नाही, आणि काचेचं मोठं छत मे महिन्यात तापतं. उभ्या गाडीत दहा मिनिटांत दहाएक अंश तापमान चढतं, काच दोन बोटं खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. "पटकन दूध घेऊन येतो" हे विसरा.

परदेशात या सगळ्यावर वेगवान इस्टेट गाडी, म्हणजे छत थेट मागच्या दारापर्यंत नेलेली लांब गाडी, हे उत्तर असतं. आपल्याकडे १९९२ ची टाटा इस्टेट आणि नंतरची इंडिगो मरिना येऊन गेल्या, वेगासाठी कुणी घेतल्या नाहीत. पण एक चोरवाट आहे: लिफ्टबॅक. दिसायला सेडान, पण मागची काच झाकणाबरोबरच वर उघडते. स्कोडाची ऑक्टेव्हिया तशीच, डिकी ६०० लिटर, आणि तिची वेगवान आवृत्ती आरएस असेल तर २०१७ च्या गाडीत २३० पीएस, २०२० च्या गाडीत २४५. २०२५ मध्ये आलेल्या आरएसच्या जेमतेम १०० गाड्या होत्या, किंमत पन्नास लाखांना टेकलेली. त्याच वर्षीची फोक्सवॅगनची वेगवान हॅचबॅक गोल्फ जीटीआय ५३ लाखांची, डिकी ३८० लिटर. एवढं बजेट नसेल तर जुन्या बाजारात शोधा. सर्व्हिसच्या नोंदी मागा, गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा.

आम्ही शेवटी तशीच एक जुनी लिफ्टबॅक घेतली. विकणाऱ्याच्या सोसायटीत खंड्या डिकीत चढला, दोनदा गोल फिरला आणि आडवा झाला. भाव करायला मला तिथे फारशी जागा उरली नाही.