ऑन्टारियोत पहिलं मत: प्रांतिक निवडणुकीची तयारी कशी करावी

कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ झाली, प्रमाणपत्र हातात आलं, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. मग कधीतरी दारात प्लास्टिकच्या निळ्या, लाल, नारिंगी पाट्या दिसू लागतात आणि घरात चर्चा सुरू होते: लिबरल की कॉन्झर्व्हेटिव्ह? हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आधी मतदारसंघ, मग तुमच्या घराचे प्रश्न, आणि मग पक्ष, असा क्रम ठेवला तर टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टनकडच्या मराठी घरांत होणारा निम्मा गोंधळ टळतो.

अधिकार आहे का ते पाहा

ऑन्टारियोच्या निवडणुकीत मत द्यायला तीन गोष्टी लागतात: कॅनडाचं नागरिकत्व, मतदानाच्या दिवशी १८ वर्षं पूर्ण आणि ऑन्टारियोत वास्तव्य. पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, असून चालत नाही, मग तुम्ही कितीही वर्षं कर भरत असा. दुसरीकडे, कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या, कार्डावर भारतात मतदान करता येत नाही. म्हणजे महाराष्ट्रातलं मत सुटलेलं आहे आणि आता इथलंच काय ते उरलं. मुलं १६-१७ वर्षांची असतील तर त्यांचं नाव भावी मतदारांच्या नोंदणीत आत्ताच घालता येतं. १८ पूर्ण होताच ते मुख्य यादीत जातं.

पीआर असलेल्यांनी लगेच वाचन थांबवू नये. प्रचारात स्वयंसेवक म्हणून काम करायला, उमेदवाराला प्रश्न विचारायला नागरिकत्व लागत नाही.

निवडणूक कधी, हे गृहीत धरू नका

कायद्यानुसार मागची निवडणूक ४ जून २०२६ ला व्हायची होती. मुख्यमंत्री, इथल्या भाषेत प्रीमियर, डग फोर्ड यांनी ती २७ फेब्रुवारी २०२५ ला घेतली. अमेरिकेच्या आयातशुल्काला तोंड द्यायला नवा जनादेश हवा, हे त्यांनी दिलेलं कारण. विरोधक म्हणाले, सोय पाहिली. ऐन बर्फात, अवघ्या चार आठवड्यांच्या प्रचारात सगळं उरकलं. १९८१ नंतर ऑन्टारियोत हिवाळ्यात झालेली ही पहिलीच निवडणूक.

कॅनडाच्या राज्यघटनेनुसार कोणतंही विधिमंडळ पाच वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे पुढची निवडणूक २०३० च्या पलीकडे जाणार नाही, पण त्याआधी मात्र कधीही येऊ शकते. घोषणा झाली की हातात महिनाभरच असतो, म्हणून खालची कामं आधीच करून ठेवा. आणि हो, २६ ऑक्टोबर २०२६ ला ऑन्टारियोत जे मतदान आहे ते महापौर, नगरसेवक आणि शाळामंडळांचं. त्याचा या लेखाशी संबंध नाही, जरी त्याच्याही पाट्या तुमच्याच गल्लीत लागणार असल्या तरी.

यादीत नाव आणि हातात कागद

इलेक्शन्स ऑन्टारियो ही इथली निवडणूक यंत्रणा. तिच्या संकेतस्थळावर नाव यादीत आहे का ते पाहता येतं, नसेल तर घालता येतं, घर बदललं असेल तर पत्ता बदलता येतो. नुकतंच भाड्याचं अपार्टमेंट सोडून घर घेतलं असेल तर हे हमखास राहून जातं. यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतंय का तेही बघा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गळतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांच्या कागदांवर दोन-दोन नावं नांदतात.

निवडणूक जाहीर झाली की टपालाने मतदार माहितीपत्र येतं. ते आणि नाव असलेलं एखादं ओळखपत्र एवढं पुरतं. माहितीपत्र हरवलं तर नाव आणि सध्याचा पत्ता दोन्ही असलेला कागद लागतो, जसं ड्रायव्हिंग लायसन्स. फोटो असलेलं ओळखपत्रच हवं असं नाही. यादीत नाव नसलं तरी योग्य कागद दाखवून मतदान केंद्रावरच नाव घालता येतं, फक्त रांगेत वेळ जातो.

आपला मतदारसंघ ओळखा

मतदारसंघाला इथे राइडिंग म्हणतात. प्रांतात असे १२४ आहेत आणि प्रत्येकातून एक आमदार, म्हणजे एमपीपी, टोरांटोतल्या क्वीन्स पार्कच्या सभागृहात जातो. मतपत्रिकेवर प्रीमियरपदाचं नाव नसतं. तुमचं मत एका स्थानिक उमेदवाराला जातं आणि बहुमत ज्या पक्षाचं, त्याचा नेता प्रीमियर होतो. विधानसभेची सवय असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकन बातम्या पाहून वाढलेल्या आपल्याच मुलांना मात्र सांगावं लागतं.

इथे एक खाचखळगा आहे. प्रांताचे आणि केंद्राचे मतदारसंघ पुष्कळदा एकाच नावाचे असतात, पण हद्द सारखीच असेल असं नाही. एप्रिल २०२५ ची केंद्रीय निवडणूक नव्या हद्दींवर, ऑन्टारियोसाठी १२२ जागा धरून झाली. त्याच्या दोनच महिने आधीची प्रांतिक निवडणूक जुन्या हद्दींवर झाली होती. म्हणून शेजाऱ्याला विचारू नका. स्वतःचा पोस्टल कोड इलेक्शन्स ऑन्टारियोच्या संकेतस्थळावर टाका.

प्रांताच्या हातात काय आहे?

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. व्हिसा, आईवडिलांची सुपर व्हिसाची अर्जप्रक्रिया, पासपोर्ट, नागरिकत्व, संरक्षण, बेरोजगारी विमा हे सगळं केंद्राकडे. कचरा, पाणी, घरपट्टी नगरपालिकेकडे. या विषयांवरून रागावून प्रांतिक उमेदवाराला धडा शिकवण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात ते नाही.

प्रांताच्या हातात आहे ते रोजचं जगणं. ओहिप, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, आणि त्यामागची रुग्णालयं. शाळा, कॉलेजं, विद्यापीठांची फी. ४०१ सारखे चारशेच्या मालिकेतले महामार्ग, उपनगरी गो ट्रेन, ड्रायव्हिंग लायसन्स. किमान वेतन, जे ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७.६० डॉलर झालं. भाडेवाढीची मर्यादा, आणि ती कोणाला लागू नाही तेही: १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला वापरलेल्या घरांना ही मर्यादा नाही. नव्या काँडोत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला हा एक नियम सगळ्या जाहीरनाम्यांपेक्षा जवळचा असू शकतो.

आपल्या लोकांच्या दृष्टीने आणखी एक मोठा विषय प्रांताकडे आहे, तो म्हणजे परदेशी पदव्यांची मान्यता. डॉक्टर, नर्स, इंजिनिअर यांचे परवाने देणाऱ्या संस्था प्रांताच्या कायद्याखाली चालतात. इंजिनिअरांच्या संस्थेने कॅनडातल्या अनुभवाची अट २०२३ मध्ये काढली ती प्रांताच्या कायद्यामुळे. जानेवारी २०२६ पासून बऱ्याच नोकऱ्यांच्या जाहिरातींतही ही अट घालायला मनाई आहे. पुण्या-मुंबईहून येऊन परवान्याची वाट पाहणारं कुणी घरात असेल, तर दारात आलेल्या उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारा, आणि 'आम्ही त्यावर काम करतोय' एवढ्यावर त्याला सोडू नका.

एक कागद घ्या, घरातल्या प्रत्येकाने प्रांताशी संबंधित दोनच प्रश्न लिहायचे. आजोबांना फॅमिली डॉक्टर मिळत नाही, मुलीची विद्यापीठाची फी, कोणाचा रोजचा चारशे एकवरचा प्रवास. ही यादी झाल्यावरच पक्षांकडे वळा.

आता पक्ष

ऑन्टारियोत चार पक्षांना जागा मिळतात. निळा प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह, फोर्ड यांचा, २०१८ पासून सत्तेत. लाल लिबरल, २००३ ते २०१८ सलग सत्तेत आणि मग एकदम सात जागांवर. नारिंगी एनडीपी, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, कामगार चळवळीतून आलेला, प्रांतात एकदाच, १९९० ते १९९५, सत्तेवर होता. हिरवा ग्रीन, ज्याचे माइक श्राइनर २०१८ मध्ये ग्वेल्फमधून निवडून आले आणि पक्षाला पहिली जागा मिळाली.

नावं सारखी म्हणून प्रांताचा आणि केंद्राचा पक्ष एकच समजू नका. ऑन्टारियोचे लिबरल ही केंद्रातल्या लिबरलांपासून वेगळी संघटना आहे. फोर्ड यांचा पक्षही केंद्रातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाहून वेगळा, आणि २०२५ च्या केंद्रीय निवडणुकीत फोर्ड त्या पक्षाचे नेते पियरे पॉलिएव्ह यांच्या प्रचाराला उतरले नाहीत. एनडीपीचं मात्र सभासदत्व प्रांत आणि केंद्र मिळून एकच असतं. ओटावातल्या केंद्र सरकारवरचा राग किंवा प्रेम क्वीन्स पार्कवर काढण्याआधी हे लक्षात असू द्या. शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या फुटीनंतर नाव कोणाचं, चिन्ह कोणाचं हे पाहिलेल्या आपल्याला हा हिशेब अवघड नाही.

जाहीरनामे वाचताना रंगीत पुस्तिका बाजूला ठेवून आपल्या यादीतले विषय शोधा. पश्चिमेकडच्या उपनगरांसाठी ४१३ क्रमांकाचा नियोजित महामार्ग हे चांगलं उदाहरण आहे. मिल्टनपासून ब्रॅम्प्टन, कॅलेडनमार्गे वॉनपर्यंत जाणारा हा रस्ता फोर्ड यांना हवा आहे. एनडीपी आणि ग्रीन शेतजमीन वाचवा म्हणून विरोधात आहेत. तुम्ही रोज ४०१ वर अडकत असाल तर एक मत होईल, आणि कॅलेडनच्या शेतांकडे पाहत राहत असाल तर दुसरं. दोन्ही रास्त.

पैसे वाटण्याच्या घोषणांकडे मात्र जरा डोळे बारीक करूनच पाहावं. २०२५ च्या निवडणुकीच्या तोंडावर ऑन्टारियोतल्या करदात्यांच्या घरी २०० डॉलरचे चेक पोहोचले होते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेआधी महाराष्ट्रात लाडकी बहीणचे हप्ते जमा झालेले पाहिलेल्यांना त्यात नवल वाटलं नाही. विरोधकही कोरडे नव्हते: एनडीपीने किराण्यासाठी दरमहा मदत आणि लिबरलांनी करकपात देऊ केली होती. पैसे मिळाले तर कोणाला नको असतात, पण त्याने आजोबांना फॅमिली डॉक्टर मिळणार नाही हे धरून चाला.

नेत्यांबद्दल एकच सूचना: ताजं पाहा. एनडीपीच्या मॅरिट स्टाइल्स २०२३ पासून नेत्या. लिबरल नेत्या बॉनी क्रॉम्बी २०२५ मध्ये स्वतःच्याच मिसिसागातल्या जागेवर हरल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

मतांचं गणित

सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, अर्ध्याहून जास्त लागत नाहीत. २०२५ मध्ये फोर्ड यांच्या पक्षाने साधारण ४३ टक्के मतांवर ८० जागा घेतल्या. पण खरी गंमत खाली आहे. लिबरलांना सुमारे ३० टक्के मतं, जागा १४. एनडीपीला जेमतेम १९ टक्के, जागा २७, आणि अधिकृत विरोधी पक्षही तोच. एनडीपीची मतं ठरावीक मतदारसंघांत गोळा झालेली, लिबरलांची प्रांतभर पसरलेली.

म्हणून प्रांतभरातल्या सर्वेक्षणापेक्षा तुमच्या राइडिंगचे मागचे दोन निकाल पाहणं जास्त उपयोगी. तिथे लिबरल आणि एनडीपी दोघंही पंचवीस-तीस टक्क्यांवर असतील तर मतविभागणी हा शब्द आपोआप आठवेल. काही जण मग पहिल्या पसंतीचा पक्ष सोडून दुसऱ्याला मत देतात. माझ्या मते असं मत वाया जात नाही, मात्र स्थानिक आकडे न पाहता ते दिलं तर जातं. ही पद्धत बदलावी का, यावर ऑन्टारियोत २००७ मध्ये सार्वमत झालं, लोकांनी मोठ्या फरकाने नाही म्हटलं.

आणि 'एका मताने काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी: २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया या दुसऱ्या प्रांतात सरे-गिल्डफर्डची जागा फेरमोजणीनंतर २२ मतांनी ठरली. त्या एका जागेमुळे ९३ च्या सभागृहात एनडीपीला ४७ जागांचं काठावरचं बहुमत मिळालं.

मतदानाचा दिवस

दिवस गुरुवार असण्याची सवय आहे, सुट्टी नसते. केंद्रं सकाळी ९ ते रात्री ९ उघडी. या वेळेत मतदानासाठी सलग तीन तास मिळणं हा कामगाराचा हक्क आहे. सहाला सुटत असाल तर तीन तास आपसूक मिळतात, मालक काही देणं लागत नाही. दहा ते सात अशी पाळी असेल तर मात्र लवकर सोडायला सांगता येतं. आगाऊ मतदानाचे दिवस असतात, टपालानेही मत देता येतं. भारतात जायचं तिकीट काढलेलं असेल तर त्याचा अर्ज लगेच करा.

मतपत्रिका कागदाची. उमेदवाराचं नाव आणि खाली पक्षाचं नाव. कमळ-घड्याळासारखी चिन्हं शोधू नका. नावासमोरच्या गोलात खूण करायची, आणि बहुतेक ठिकाणी ती पत्रिका मोजणीयंत्रात जाते. बोटाला शाई लागत नाही, त्यामुळे फेसबुकवर काय टाकायचं हा प्रश्न उरतो, तो तुमचा तुम्ही सोडवा; मतपत्रिकेचा फोटो मात्र नको. कोणीच पटत नसेल तर नोटाचं बटण नाही, पण पत्रिका नाकारत असल्याचं अधिकाऱ्याला सांगता येतं आणि अशा नाकारलेल्या पत्रिकांची वेगळी नोंद होते.

निकाल बहुधा त्याच रात्री कळतो. जिंकलेला एमपीपी तुमच्या पक्षाचा नसला तरी त्याचं स्थानिक कार्यालय तुमच्यासाठीच आहे. ओहिप कार्ड अडकलं, लायसन्सचं काम रखडलं, जन्माचा दाखला येत नाही, अशा कामांसाठी तिथे जाता येतं. कार्यालयाचा पत्ता आणि फोन लिहून फ्रिजवर लावून ठेवा.