गड उतरताना गुडघा दुखतो? ट्रेकिंग बंद करण्याआधी हे करून बघा

गड चढताना काही होत नाही, पण उतरायला लागलं की अर्ध्या वाटेत गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला सुरुवात होते, मग घरी आल्यावर जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि थिएटरात अडीच तास पाय दुमडून बसलं की उठताना कळ येते. आठवडाभर ऑफिसात खुर्चीवर आणि रविवारी पहाटे सिंहगड नाहीतर राजगड, असं करणाऱ्यांमध्ये हे अगदी कॉमन आहे. आणि आजूबाजूचे लगेच सांगतात, गुडघे झिजले, आता बंद कर. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. तिशी-चाळिशीत अशा प्रकारे दुखणारा गुडघा बहुतेक वेळा झिजलेला नसतो, त्याच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त लोड पडलेला असतो, आणि सगळंच बंद करून बसलात तर झेपायची ताकद आणखी कमी होते.

उतरतानाच का दुखतं ते आधी बघू. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकते. सपाटीवर चालताना तिच्यामागचा दाब तुमच्या वजनाच्या आतबाहेर असतो, पण पायऱ्या उतरताना तो वजनाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त होतो, कारण मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला अख्खं शरीर आवरून धरायचं असतं. दोन तास उतरलं की हा स्नायू थकतो. त्यात कुल्ल्याचे स्नायू कमजोर असतील तर प्रत्येक पावलाला गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि वाटी खाचेच्या एका कडेला घासली जाते.

पहिलं काम, दुखणारी जागा एका बोटाने दाखवायचा प्रयत्न करा. वाटीच्या मागे किंवा भोवती, बोट ठेवता येत नाही असं पसरलेलं दुखत असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. वाटीच्या बरोबर खाली, नडगीच्या वरच्या टोकाकडे जाणाऱ्या दोरीसारख्या भागात दुखत असेल तर तो टेंडनचा त्रास, व्हॉलीबॉल-बास्केटबॉलवाल्यांना जास्त होतो. बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर पळाल्यावरच सुरू होत असेल तर आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या खालपर्यंत जाणारा जाड पट्टा. आणि गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेवर आत किंवा बाहेर, पाय पिळवटल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर गादी म्हणजे मेनिस्कस तपासून घ्यावी लागते. नुसता कटकट आवाज येतो, दुखत नाही, सुजत नाही, तर त्याची काळजी सोडून द्या.

आता घरगुती उपाय कधी करायचेच नाहीत ते. पाय मुरगळताना आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, पडल्यानंतर चार पावलंही टाकता येत नाहीत किंवा गुडघा ९० अंशात वाकत नाही, गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही, चालताना दगा देतो, गुडघा लाल-गरम झालाय आणि सोबत ताप आहे, किंवा लांबच्या बसप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखतेय. यातलं काहीही असेल तर थेट डॉक्टरकडे जा, ताप आणि पोटरीच्या बाबतीत तर त्याच दिवशी.

हे काही नसेल तर लगेच एमआरआयच्या मागे धावू नका असं मी कळकळीने सांगेन, कारण रिपोर्टमधले शब्द वाचून माणूस घाबरतो. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढले होते, तो अभ्यास २००८ साली छापून आला. ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यातल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा मागच्या महिनाभरात दुखलाच नव्हता. म्हणजे रिपोर्टात दिसतंय तेच दुखतंय असं नसतं.

मग पहिले दोन-तीन आठवडे लोड कमी करायचा. कमी, बंद नाही. मोठे उतार, खोल बैठका, तासभर मांडी घालून किंवा उकिडवं बसणं थोडे दिवस टाळा, सपाटीवरचं चालणं चालू ठेवा, सायकल असेल तर सीट जरा उंच करून हलक्या गिअरवर चालवा. दुखण्याला ० ते १० मार्क द्या. ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं, नाही आलं तर काल जास्त झालं असं समजून पुढच्या वेळी कमी करा. बर्फाने बरं वाटत असेल तर कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं ठेवा. नी-कॅपने आधार वाटत असेल तर घाला, पण त्याने स्नायूंना ताकद येत नाही. आणि पेनकिलर खाऊन गड चढणं मात्र नकोच, दुखणं कळत नाही म्हणून आपण जास्त ताण देतो, शिवाय घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीला त्रास देऊ शकतात.

खरा उपचार म्हणजे व्यायाम, आणि तो मांडी आणि कुल्ला दोन्हींचा हवा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. सुरुवात भिंतीला पाठ टेकवून अर्धवट बसण्याने करा, गुडघे ६० अंशांपर्यंतच वाकवायचे, ३० सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. पाठीवर झोपून कंबर उचलायची, १२-१५ वेळा, सोपं झालं की एका पायावर. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वर उचलायचा, किंचित मागे नेऊन, पुढे नाही, नाहीतर कुल्ल्याला काम पडत नाही. टाचा उचलायच्या.

दोन-तीन आठवड्यांनी सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम घ्या. १०-१५ सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच पुढे जमिनीला टेकेपर्यंत तीन सेकंद मोजत सावकाश खाली जायचं. आरशासमोर करा. गुडघा अंगठ्याच्या आत जातोय का, कंबर एका बाजूला कलतेय का, बघा, जात असेल तर पायरी अजून बुटकी घ्या. ८ वेळा, तीन सेट. उतरण्याची ताकद उतरूनच येते, म्हणून हा चुकवू नका. फरक पडायला ६ ते १२ आठवडे लागतात, दहा दिवसांत सोडून देणारे इथेच फसतात.

उतरायची पद्धतही बदला. छोटी पावलं टाका, गुडघा कधीच ताठ ठेवून आदळू नका, उंच दगडावरून उडी मारण्याऐवजी तिरकं व्हा किंवा हात टेकून उतरा, ट्रेकिंगच्या लांबी बदलता येणाऱ्या दोन काठ्या वापरा आणि उतारावर त्या जरा लांब करा. सॅक हलकी ठेवा. पळणाऱ्यांनी मिनिटाला पडणारी पावलं ५ ते १० टक्के वाढवावीत, वेग तोच ठेवून. सातारा हिल मॅरेथॉनसारखी शर्यत करायची असेल, जिथे यवतेश्वर घाट चढून तोच परत उतरायचा असतो, तर नुसती चढाची प्रॅक्टिस करून भागत नाही.

परत जाताना आधी सपाटी, मग वेताळ टेकडी किंवा पर्वती, मग सिंहगड, राजगड-हरिश्चंद्रगड त्यानंतर. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, अंतर नाहीतर चढउतार. व्यायाम आठवड्यातून दोन दिवस पुढेही चालू ठेवायचे. १२ आठवडे नीट करूनही काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, जाताना ट्रेकचे बूट सोबत न्या आणि किती वेळ उतरल्यावर, कुठे दुखायला लागतं ते लिहून न्या.