जुन्या ऑर्गनसाठी निधी उभारताय? या चुका टाळा

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच रंगवलं आणि पुढे संगीत नाटक बहरलं तेव्हा तबल्याशेजारी पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन आला. असा ऑर्गन तुमच्या कॉलेजच्या सभागृहात चादरीखाली पडून असेल आणि तो पुन्हा वाजता करायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर ते फार मोलाचं काम आहे. म्हणूनच सांगावंसं वाटतं, ते घाईने बिघडवू नका. ऑर्गन उघडून बघायच्या आधीच पावतीपुस्तकं छापली जातात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

न उघडता आकडा जाहीर करणे

ऑर्गनच्या पेटीला बाहेरून नुसतं पॉलिश हवं असं वाटतं, खरा खर्च आत असतो. मागची फळी काढायला लावा. अमेरिकी बनावटीच्या ऑर्गनमध्ये भाता हवा बाहेर काढतो आणि पितळी सुरांमधून (सूर म्हणजे इथे हवेने थरथरून वाजणारी पितळी जीभ आणि तिची चौकट) हवा आत ओढली जाते. पायाने भाता मारा, पाय उचला, एकही पट्टी दाबू नका आणि आतल्या हवेच्या पेटीकडे बघा. स्प्रिंगच्या जोरावर ती सावकाश फुगली तर ठीक. पाय उचलताक्षणी फुगली तर हवा गळते आहे, बहुधा भात्याचं कापड बदलावं लागणार. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक असतं.

एखादी पट्टी मुकी असली म्हणून ‘सूर तुटला, नवा घ्या’ असं लगेच धरून चालू नका. पुष्कळदा पितळी जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो, तो काढला की सूर बोलतो. हात न लावता एखादा सूर वाजतच राहिला, तर झडप नीट बसत नाही. तिचं चामडं उंदराने कुरतडलं असेल किंवा फेल्टला कसर लागली असेल. ही सगळी तपासणी फोटोंसकट लिहून घ्या. देणगीदारापुढे ठेवायला याहून चांगला कागद नाही.

‘सूर दत्तक घ्या’ आणि भाता उपाशी

एकेका देणगीदाराने एकेका सुराचा खर्च उचलायचा, ही कल्पना गोड आहे. पाच सप्तकांच्या ऑर्गनला ६१ पट्ट्या असतात. सुरांच्या दोन पूर्ण ओळी असतील तर १२२ सूर झाले, म्हणजे १२२ देणगीदार. पण गाणाऱ्यांच्या गावात सगळ्यांना मधल्या सप्तकातली काळी एक नाहीतर पांढरी पाच हवी असते. खर्जातले सूर तसेच राहतात आणि भात्याच्या कापडाला तर कोणीच विचारत नाही. पैसा सुरांच्या नावावर घेतला असेल तर तो नंतर भात्याकडे वळवताना तोंड दाखवायची सोय राहत नाही. पावतीवर पहिल्यापासून ‘ऑर्गन जीर्णोद्धार’ असंच लिहा, सुराचं नाव मानापुरतं ठेवा.

मिरज जवळ आहे म्हणून

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कारागिरांचा हात सोन्याचा आहे. पण तंबोऱ्याची जवारी काढणं (तारांखालची घोडी घासून झंकार आणणं) वेगळं आणि ऑर्गनचा सूर लावणं वेगळं. सूर चढवायला पितळी जीभ टोकाशी खरवडतात, उतरवायला बुडाशी. खरवडलेलं पितळ परत येत नाही. जुन्या ऑर्गनची स्वराची उंची आजच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याशी जुळावी म्हणून सगळेच सूर खरवडायला निघालेल्या माणसाला थांबवा. ऑर्गन-पेटीच्या सुरांवर काम केलेलाच कारागीर शोधा आणि त्याने आधी दुरुस्त केलेला ऑर्गन स्वतः ऐका.

पावत्या आणि परदेशातले माजी विद्यार्थी

संस्थेकडे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी नसेल तर ‘करसवलत मिळेल’ असं पत्रकात छापू नका. नोंदणी असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइनच घ्या. परदेशी राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माजी विद्यार्थी आपल्या कमाईतून देऊ शकतो. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तोच पैसा परदेशी देणगी ठरतो आणि एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खातं क्रमांक टाकण्याआधी हे सीएला विचारा. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) कला आणि वारसा जतन बसतं, पण त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी.

तारीख आधी, काम मागून

५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, ऑर्गन वाजवायचाच असं ठरवून गायक बोलावतात आणि मग भर पावसाळ्यात सरस-चामड्याचं काम उरकतात. दमट हवेत सरस नीट वाळत नाही. पावसाळा सरल्यावर काम काढा आणि कार्यक्रम पुढच्या वर्षी ठेवा.

कृष्णेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली कुठवर आलं होतं ते आठवून ऑर्गनची जागा वरच्या मजल्यावर ठरवा, आणि चढवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. जमलेल्या निधीतला काही भाग ठेवीत टाका. व्याजातून वर्षाला एकदा कारागीर येईल. बाकी दिवस संगीत विभागातल्या विद्यार्थ्यांना तो वाजवू द्या, कुलूप लावू नका.