थंडीत खुराडे गच्च बंद करू नका, वळचणीची फट उघडी ठेवा

रात्री गारठा वाढला आणि पहाटे धुके उतरू लागले, की परसात कोंबड्या पाळणारा माणूस सर्वांत आधी खुराड्याला चारी बाजूंनी गोणपाट लावतो आणि त्यावरून प्लास्टिक ताणून बांधतो. त्यामागची माया खरी असते. तरीही इतक्या हिवाळ्यांत निव्वळ गारठून मेलेली धडधाकट, मोठी कोंबडी मी क्वचितच पाहिली आहे. पाहिल्या त्या डोळ्यांत फेस आलेल्या, चोच उघडी टाकून घरघरणाऱ्या आणि बाहेरून नीटनेटक्या झाकलेल्या खुराड्यात आठ-पंधरा दिवसांत एकामागून एक गेलेल्या कोंबड्या. म्हणून या हंगामात इतर कामे थोडी मागेपुढे झाली तरी चालतील, पण छताखालची हवेची वाट आजच तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोंबडीच्या अंगाचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते आणि पिसे फुलवून ती अंगाभोवती उबदार हवेचा थर धरून ठेवते, त्यामुळे कोरडी थंडी तिला बऱ्यापैकी सोसते. तिला सोसत नाही ती ओल. दहा अंड्यावरच्या कोंबड्या दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितात. एका अंड्यातून त्यातले जेमतेम 40 ते 45 ग्रॅम पाणी बाहेर जाते, आणि उरलेले बहुतेक सारे शिटेतून व श्वासातून बाहेर पडते. हिवाळ्याची रात्र लांब असल्याने त्यातला मोठा वाटा बंद खुराड्यातच साठतो. पहाटे दार उघडण्यापूर्वी हात आत घालून प्लास्टिकच्या आतल्या बाजूवरून फिरवून पाहा. तळवा ओला झाला, छताच्या खिळ्यांच्या टोकांवर थेंब लोंबताना दिसले, तर त्या रात्री तुमच्या कोंबड्या वाफेत बसून होत्या असे समजावे. कडाक्याच्या थंडीत तुऱ्याची टोके काळी पडतात, तीसुद्धा अशा ओलसर हवेत लवकर पडतात.

ओलीपाठोपाठ अमोनिया येतो. जमिनीवर अंथरलेल्या तुसात ओल धरून शिट कुजली की हा वायू सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे 25 भाग झाले, की श्वासनलिकेतील जंतू आणि धूळ बाहेर ढकलणारे बारीक केस निकामी होऊ लागतात आणि मग साध्या सर्दीचेही जुनाट श्वसनरोगात रूपांतर होते. आपले नाक या वासाला सरावते, शिवाय आपण दारात उभे राहून वास घेतो आणि कोंबडी जमिनीलगत श्वास घेते. म्हणून सकाळी उकिडवे बसून, तिच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा, आणि शक्य असल्यास रोज तिथे न जाणाऱ्या माणसालाही घ्यायला सांगावा.

फट कुठे ठेवायची, हाच खरा प्रश्न आहे. उबदार, ओली हवा वर चढते, म्हणून मोकळीक वळचणीला, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर आणि दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा निदान एक फूट वर असावी. माझा ठोकताळा असा, की अगदी थंड रात्रीही जमिनीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जागा उघडी राहिली पाहिजे. दहा कोंबड्यांच्या 8 फूट लांब आणि 5 फूट रुंद खुराड्याला दोन्ही लांब भिंतींवर 3 इंचांची सलग पट्टी सोडली, तर हे माप बरोबर जुळते. पट्टीला अर्धा इंचाची मजबूत जाळी ठोकावी, म्हणजे मुंगूस आत शिरणार नाही. गोणपाट वरून न सोडता खालून वर बांधावे. वारा खाली अडावा आणि वर फिरावा. खात्रीसाठी दोऱ्याला हलके पीस बांधून ते दांडीजवळ धरावे, तिथे ते स्थिर राहायला हवे, आणि तेच वळचणीशी धरले की हलायला हवे.

माझ्या पाहण्यात सर्वांत घातक रात्र असते ती वारा पडलेली, ढगाळ किंवा धुक्याची. नेमकी त्याच रात्री माणसे उरलेली फटही चिंध्यांनी बुजवतात. धुके पडेल असे वाटले, तर वाऱ्याच्या उलट बाजूचे गोणपाट आणखी वीतभर खाली घ्यावे.

कोंबड्या शिंकू लागल्या की विक्रेता टॉनिक, अमोनिया शोषणारी पावडर आणि प्रतिजैविकाची पुडी एकदमच हातात ठेवतो. हवा कोंडलेली असताना यांतले काहीही टिकाऊ गुण देत नाही. आधी फट उघडावी, ओले तूस काढावे, आजारी पक्षी वेगळा करावा आणि प्रतिजैविक पशुवैद्यकाने सांगितल्यावरच, सांगितले तितके दिवस द्यावे. ओल्या तुसावर चुना किंवा राख टाकू नये. त्याने तुसाचा सामू वाढून साठलेला अमोनिया उलट अधिक वेगाने सुटतो. राख धूळस्नानाच्या कोरड्या कोपऱ्यात वापरावी.

नेहमीची कामे:
- तुसाचा थर 4 ते 6 इंच. एक दिवसाआड उलथणे.
- तुसाची मूठ वळून सोडणे. लाडू तसाच राहिला तर तूस बदलणे.
- दांडीखालची रात्रीची शिट रोज सकाळी काढणे.
- पाण्याचे भांडे विटेवर. भोवतालचा ओला पापुद्रा उचलणे.
- संध्याकाळी मूठभर अख्खा मका.
- बसण्याची दांडी सुमारे 2 इंच रुंद व सपाट.
- राणीखेत रोगाची लस वेळापत्रकाप्रमाणे. तिचा लासोटा हा प्रकार डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब.

बंद खुराड्यात कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि सकाळपर्यंत सगळे संपलेले असते. तुसाच्या जवळ लोंबणारा बल्बही आग लावतो.

पिलांना मात्र वेगळी ऊब लागतेच. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश आणि पुढे दर आठवड्याला 3 अंशांच्या आसपास कमी, हे माप पाळावे. पण ही ऊब दिव्याखालच्या गोलात द्यावी, खोली कोंडून नव्हे. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर दिवा खाली घ्यावा, कडेला पांगून चोच उघडत असतील तर वर करावा, आणि दोन्ही वेळी वळचणीची फट होती तशीच उघडी राहू द्यावी.