इंग्लंडमधली बुद्धिबळ लीग: क्लब निवडण्याआधी परतीचा रस्ता बघा

इंग्लंडला नोकरीसाठी नाहीतर शिकायला आलात, बुद्धिबळ खेळता आणि क्लब शोधताय? मग तिथले खेळाडू किती तगडे आहेत हे नंतर बघा, आधी एवढंच विचारा: "तुमच्या बाहेरच्या मॅचेस कुठे कुठे असतात?" मी लीड्समध्ये राहते. चार बोर्डांच्या, म्हणजे चार खेळाडूंच्या, एका टीमची कॅप्टन म्हणून हा माझा चौथा हंगाम, आणि माझं निम्मं डोकं पटापेक्षा रस्त्यावरच जास्त चालतं.

इथली स्थानिक लीग साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होते आणि एप्रिल-मेपर्यंत चालते. मॅच आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, बहुतेक सव्वासात-साडेसातला. निम्म्या आपल्या जागेवर, निम्म्या समोरच्यांच्या. जागा म्हणजे पबची वरची खोली, चर्चचा हॉल किंवा एखादा सोशल क्लब. म्हणजे कामावरून सुटायचं, तोंडात काहीतरी कोंबायचं आणि ऐन गर्दीत गाडी काढायची. डिसेंबरात लीड्सला पावणेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे जाणं-येणं दोन्ही अंधारातच.

इथे अंतरं मैलात सांगतात. त्यावर अजिबात जाऊ नका, मिनिटं मोजा. लीड्स ते ब्रॅडफर्ड जेमतेम दहा मैल, पण संध्याकाळी सहाला निघालात तर पाऊण तास सहज जातो. रविवारी दुपारी घरबसल्या नकाशा उघडून "वीस मिनिटं, अरे वा!" म्हणणारे माझ्या टीममध्ये दोघं होते. नकाशात मंगळवार टाका, पोचायची वेळ सव्वासात टाका आणि मग काय आकडा येतो ते बघा. लीगमधल्या प्रत्येक क्लबसाठी हे एकदाच करायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. पन्नास मिनिटांच्या पलीकडच्या जागा तीनपेक्षा जास्त निघाल्या तर मी ती लीग सोडून देईन.

आता परतीचा हिशेब, जो कुणीच करत नाही. समजा प्रत्येकाला पूर्ण डावासाठी ७५ मिनिटं आणि दर खेळीला १० सेकंद वाढीव आहेत. डाव ६० खेळ्यांचा झाला, तर एकेकाला ८५ मिनिटं, दोघांची मिळून १७०. साडेसातला घड्याळ सुरू झालं तर १०:२० वाजले. हत्ती-प्याद्यांचा शेवट ९० खेळ्यांपर्यंत रेंगाळला की साडेदहा. गाडीत चौघं असतील तर शेवटचा डाव संपेपर्यंत बाकीचे तिघं कोट घालून थांबणार. बस-ट्रेनवाल्यांनी परतीची शेवटची गाडी क्लबमध्ये नाव देण्याआधीच बघून ठेवावी. इंग्लंडमध्ये बऱ्याच बसेसचं एका फेरीचं तिकीट सध्या जास्तीत जास्त ३ पौंडांचं आहे, पण रात्री अकराला खेड्यात बसच नसेल तर त्याचा काय उपयोग? आणि डाव लवकर संपावा म्हणून खालच्या बोर्डावर बसवा, असं कॅप्टनला सांगू नका. बोर्डांचा क्रम ताकदीनुसार लावायचा असतो, ट्रेनच्या वेळापत्रकानुसार नाही.

मोटरवेची दुरुस्तीही रात्रीच चालते. जाताना मोकळा असलेला एम ६२ येताना एखाद्या जंक्शनला बंद असतो आणि पर्यायी रस्त्याच्या पिवळ्या पाट्यांमागे तुम्ही भलत्याच गावांतून फिरत बसता. दुपारीच नॅशनल हायवेज या मोटरवे सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीची रात्रीच्या बंद रस्त्यांची यादी बघून घ्यावी. पेनाइन डोंगर ओलांडायचा असेल तर बर्फाचंही बघा. शेफील्ड आणि मँचेस्टरच्या मध्ये थेट मोटरवे नाही, स्नेक पास आणि वुडहेडचा रस्ता हिवाळ्यात कधीकधी बंदच करतात. नकाशावर शेजारी दिसणारी ही दोन शहरं वेगवेगळ्या लीगमध्ये का, ते एकदा रात्री तिथून गाडी चालवली की कळतं.

नदीचंही तसंच. टिलबरी आणि ग्रेव्हझेंड थेम्सच्या दोन काठांवर समोरासमोर, पण गाडीने जायचं तर डार्टफर्डला वळसा घालून नदी ओलांडायची. तिथला टोल सकाळी ६ ते रात्री १० लागतो, म्हणजे मॅचला जाताना भरायचा आणि रात्री दहानंतर परतताना फुकट. लांबलेल्या डावाचा एवढा एकच फायदा मला माहीत आहे.

लीगच्या सीमा सरकारी नकाशात शोधू नका. मिडलसेक्स ही प्रशासकीय काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) १९६५ साली संपली, बुद्धिबळात ती अजून जिवंत आहे. लंडनमध्ये राहणाऱ्याला एकापेक्षा जास्त लीग खुल्या असतात. लंडन लीगचे बरेच सामने शहराच्या मधोमध होतात, तिथे ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने जावं. सरे किंवा मिडलसेक्स लीगमध्ये समोरच्यांच्या जागेवरच्या मॅचला जुनी गाडी नेणार असाल तर उलेझचे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या आकाराचे, साडेबारा पौंड धरा. तो नियम २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंना (प्रशासकीय विभागांना) लागू आहे.

लांबचा प्रवास आवडत असेल तर शनिवारची लीग बघा. यॉर्कशायर लीगच्या मॅचेस शनिवारी दुपारी असतात आणि काउंटी अवाढव्य. लीड्सहून हल साठेक मैल, पण दिवसाउजेडी, गप्पा मारत, ते मला मंगळवारच्या वीस मैलांपेक्षा सोपं वाटतं.

पत्त्याबद्दल मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एका क्लबच्या माहितीत जुना पोस्टकोड राहिला होता. आम्ही पोचलो तर हॉलमध्ये दिवे, आत चाळीस माणसं, आणि सगळी गात होती. चर्चच्या गायनवृंदाची तालीम! एका बाईंनी सुरातून थांबून सांगितलं, बुद्धिबळवाले दोन वर्षांपूर्वीच गेले. खऱ्या जागी पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात ७५ पैकी ५० मिनिटं उरली होती. तेव्हापासून मी आदल्या दिवशी समोरच्या कॅप्टनला मेसेज करून तीन गोष्टी विचारते: जागा, दार कुठल्या बाजूला आणि गाडी कुठे लावायची. उशिरा आलेल्याचा डाव किती मिनिटांनी जातो हे लीगच्या नियमात असतं. कुठे अर्धा तास, कुठे तास. ते पाठच असावं.

पेट्रोलचं पहिल्याच दिवशी ठरवा. कामासाठी स्वतःची गाडी वापरली तर करखातं धरतं तो मैलाला ४५ पेन्सचा दर आम्ही धरतो आणि चौघांत वाटतो. वीस मैल जाऊन-येऊन चाळीस, म्हणजे १८ पौंड, माणशी साडेचार. चालवणाऱ्याचाही वाटा त्यातच. हरलेल्याला सवलत मागितली होती एकाने, ती नामंजूर झाली. मात्र येताना पुढची सीट त्याला मिळते, आणि रिंग रोड येईपर्यंत त्याला डावाबद्दल कुणी काही विचारत नाही.