रेशीमकिडा आणि राणी पाखरू एकाच वेळी पाळताय? या चुका टाळा

एका खोक्यात तुतीच्या पाल्यावरचे रेशीमकिडे, दुसऱ्यात लिंबूच्या झाडावरून आणलेले राणी पाखराचे, म्हणजे ब्लू मॉरमॉनचे, सुरवंट. मुलांच्या प्रकल्पाला ही जोडी फार छान. राणी पाखरू २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. पण दोघांना एकच नियम लावला की घोटाळा होतो. रेशमाचा पतंग माणसाने हजारो वर्षं पाळून परावलंबी केलेला, तर राणी पाखरू रानचं.

सगळ्यात महागात पडते ती पाल्याची चूक. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षबागेत औषध फवारणारा ब्लोअर चालला की ते वाऱ्याने शेजारच्या तुतीवरही बसतं. पान दिसायला स्वच्छ असतं. खाल्लं की अळ्या डोकं हलवत राहतात, तोंडातून हिरवट पाणी टाकतात आणि आखडून मरतात. आंतरप्रवाही औषध पानात मुरलेलं असतं, त्यामुळे पान धुऊन भागत नाही. बागेपासून लांबचंच झाड बघा. शंका असेल तर आधी चार-पाच अळ्यांना घालून एक दिवस थांबा. लिंबाच्या पाल्यालाही हेच लागू.

अळी हलत नाही म्हणून मेली असं समजू नका. रेशीमकिडा चार वेळा कात टाकतो आणि त्या वेळी डोकं वर धरून स्तब्ध बसतो. पाला देणं बंद ठेवा, हात लावू नका. राणी पाखराचा मोठा सुरवंट पातळ घाण करून सैरावैरा फिरू लागला तर तोही आजारी नसतो, कोषासाठी जागा शोधत असतो. खरखरीत काडी उभी करून द्या. तो कमरेभोवती रेशमाचाच धागा बांधून घेतो. रेशीम काही एकट्या पतंगाचं नाही. धागा तुटून कोष खाली पडला तर जाळीला लागून मऊ कापडावर ठेवा. बाहेर पडल्यावर फुलपाखराला वर चढून पंख लोंबते सोडता आले नाहीत, तर ते चुरगळलेलेच वाळतात.

पतंगाला साखरपाणी ठेवू नका, त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. बागेतही सोडू नका. उडता येत नसल्याने मुंग्या त्याला संपवतात. त्याला कागदावर ठेवा, मादी तिथेच अंडी घालेल. राणी पाखराला मात्र फुलातला मध लागतो. पंख वाळले की त्याला उन्हात मोकळं सोडा.

दोन आठवडे थांबूनही पतंगाची अंडी फुटली नाहीत, तर आधी रंग बघा. पिवळीच राहिली असतील तर फळलेली नाहीत. दोन-तीन दिवसांत करडी झाली असतील तर फेकू नका. बायव्होल्टाइन, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या जातीची अशी अंडी थंडी भोगल्याशिवाय सहसा फुटत नाहीत.