परमिट रूममध्ये 'नाही' कधी म्हणायचं आणि कसं म्हणायचं

मी पुण्यात आधी वेटर, मग कॅप्टन आणि आता परमिट रूमचा मॅनेजर, आणि नवीन पोरगं कामावर आलं की त्याला पेग मोजायच्या आधी मी नाही म्हणायला शिकवतो. कल्याणीनगरचं १९ मे २०२४ चं प्रकरण पुण्यात कोणी विसरलेलं नाही. पहाटे अडीचच्या सुमाराला पोर्शेनं बाइकला उडवलं, २४-२४ वर्षांचे दोन इंजिनियर गेले, आणि गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा. त्याला दारू दिली म्हणून पबच्या मालक-मॅनेजर लोकांना अटक झाली, पब सील झाले. त्या रात्री कोणीतरी दारातच वय विचारलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

तर पहिलं काम वय. महाराष्ट्रात बियर आणि वाइनला २१ पूर्ण लागतात, व्हिस्की, रम, वोडका वगैरेला २५ पूर्ण. पोरांना गर्दीत उभ्या उभ्या वजाबाकी करायला लावू नका, चुका होतात. रोज संध्याकाळी उघडताना दारात आणि काउंटरला एक पाटी लिहायची, आजच्या तारखेतून २१ वर्षं मागे जाऊन एक तारीख आणि २५ मागे जाऊन दुसरी, ज्याचा जन्म त्या तारखेनंतरचा त्याला ते नाही, विषय संपला. आयडी म्हणून मोबाइलमधला आधारचा फोटो चालवून घेऊ नका, तो कोणीही एडिट करून आणतं, डिजिलॉकरचं ॲप समोर उघडायला सांगा नाहीतर ओरिजिनल लायसन किंवा पासपोर्ट बघा. आणि दाढी आहे म्हणून मोठा समजू नका, दिसायला तिशीच्या आतला असेल तर विचारायचंच.

खरी पंचाईत होते ती मिक्स टेबलची. पाच जण येतात, एक २७ चा, बाकीचे २२-२३ चे, तो मोठा पाच लार्ज मागवतो आणि म्हणतो सगळे माझ्यासाठी. नाही द्यायचे. ग्लास जेवढे तेवढी माणसं बघायची, आणि सरळ सांगायचं, "दादा, यांना बियर देतो, व्हिस्की तुम्हाला एकट्याला, लायसनचा प्रश्न आहे." बहुतेक लोक ऐकतात. आणि १८ च्या आतलं कोणी असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड, आणि ते कलम देणाऱ्याला लागतं म्हणजे ट्रे घेऊन गेलेला पोरगापण सुटत नाही हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

पिणाऱ्याला परवाना लागतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एक दिवसाचा ५ रुपयांचा येतो, काउंटरला ठेवा आणि खरंच फाडून द्या. स्टाफचा नोकरनामा, म्हणजे कोण कामाला आहे त्याची नोंद, रोजचं ब्रँडप्रमाणे स्टॉक रजिस्टर हे सगळं त्याच दिवशी लिहायचं, एक्साइजचे साहेब दारात आल्यावर नाही.

आता ओतायचं. ३० एमएलच्या एका स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर ते जिरवायला ढोबळमानानं एक तास घेतं. ८ टक्क्यांची स्ट्राँग बियरची ६५० ची बाटली म्हणजे जवळपास ४ स्मॉल, हे ऐकून लोकांना धक्काच बसतो, "मी फक्त दोन बियर घेतल्या" म्हणणारा माणूस आठ स्मॉल पिऊन बसलेला असतो. म्हणून वेटरनं बाटल्या नाही, स्मॉल मोजायचे. लिंबूपाणी, कॉफी, तोंडावर पाणी, यानं उतरत नाही, नुसता वेळ लागतो. मेजर म्हणजे मापाच्या कपाशिवाय हातानं ओतू नका, ओळखीच्या गिऱ्हाइकाला प्रेमानं जास्त ओतलेला पेगपण त्याच्याच अंगावर येतो.

नाही म्हणायची वेळ तिसऱ्या राउंडला असते, सातव्याला नाही. आवाज चढला, तीच गोष्ट परत परत सांगायला लागला, चकण्याची वाटी सांडली, की राउंड हळू करा, पाण्याची बाटली ठेवा, जेवणाची ऑर्डर विचारा. नशेत असलेल्याला अजून द्यायची नाही ही लायसनची अटच आहे. पण त्याला चारचौघात "तुम्हाला चढलीये" म्हणालात की भांडण ठरलेलं. त्याच्यासोबतचा जो शुद्धीत आहे त्याला बाजूला घ्या, हळू बोला, "साहेब, आता जेवण लावतो, पुढचा पेग नको." मी एकदा वाढदिवसाच्या टेबलाला, बिल मोठं होतंय म्हणून, हे बोललो नाही. त्यातला एक पोरगा बाइकवरून घसरला, पाय मोडला, सहा महिने घरात. त्याची आई मला भेटायला आली होती आणि ती काहीच बोलली नाही.

वेळेचं असं की पुणे आयुक्तालयाच्या हद्दीत रात्री दीडपर्यंत, म्हणजे दीडला दार बंद आणि माणसं बाहेर. लास्ट ऑर्डर एकला, बिल सव्वाला, नाहीतर शेवटच्या पाच मिनिटांत लोक तीन-तीन पेग घशात ओततात आणि ते सगळ्यात वाईट. मोकळ्या जागेतला साउंड रात्री दहाला बंद. ड्राय डे कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा, मतदान संपायच्या आधीचे ४८ तास विसरू नका, आणि गणपतीत जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश काय निघतो त्यावर लक्ष ठेवा.

शेवटी घरी पाठवणं. पुण्यात निम्मे लोक टू-व्हीलरवर येतात. रक्तात १०० एमएलमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्या वेळेला १० हजारांपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चावी हिसकावू नका, मागा, मित्राला मागायला लावा. रिक्षा आपणच बोलवा, बाराच्या पुढे मीटरवर २५ टक्के जास्त लागतात तेवढं आधी सांगा म्हणजे वाद नको. ऐकतच नसेल आणि गाडी काढलीच तर ११२ ला पोलिसांना फोन. कोणी हाक मारून उठत नसेल, श्वास संथ झाला असेल तर झोपू दे म्हणून सोडू नका, कुशीवर वळवा, १०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावा आणि कोणीतरी शेजारी बसा.

गाडी आपल्या पार्किंगला रात्रभर राहू द्या, पैसे घेऊ नका. चावीला चिठ्ठी बांधा, नाव, फोन आणि गाडीचा नंबर, ड्रॉवरला कुलूप. सकाळी न्यायला आला की नंबर विचारा, मगच चावी द्या, आणि डोळे अजून लाल असतील तर चहा देऊन बसवा.